अण्णांच्या जबड्यात काय भरले

आमच्या घराण्यात लग्नाची पंगत बसली आणि वाढप्यांची दुसरी फेरी झाली की एक गोष्ट हमखास निघते. थोरल्या बंधूंना, म्हणजे अण्णांना, मी दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीवरून कसे उठवले, ही ती गोष्ट. ती तीन जण सांगतात. पुतण्या, म्हणजे अण्णांचा मुलगा, सांगतो तेव्हा मी उलटतपासणीची खोड न गेलेला म्हातारा वकील असतो. माझी पत्नी सांगते तेव्हा अण्णा बिचारे असतात आणि मी हट्टी. तिसरे सांगणारे माझे मेहुणे. ते त्या दिवशी नांदेडात नव्हतेच, आणि म्हणूनच त्यांची गोष्ट सर्वांत जास्त रंगते. तिच्यात अण्णा अर्धा जबडा बधिर झालेल्या अवस्थेत, गळ्यात कागदी रुमाल लोंबत असताना, वजिराबादेच्या रस्त्यावर ऑटोला हात करीत धावत असतात.

इंजेक्शन अजून दिलेच नव्हते, त्यामुळे जबडा बधिर होण्याचा प्रश्न उद्भवत नाही. रुमाल अण्णांनी स्वतःच्या हाताने सोडून, घडी घालून, खुर्चीच्या हातावर ठेवला होता. ते धावलेही नाहीत. त्यांचे गुडघे मला माझ्या गुडघ्यांइतकेच ठाऊक आहेत. जन्मभर मी न्यायालयात साक्षी ऐकल्या, आणि घटनास्थळी जो हजर नव्हता त्याचे बोलणे कधी खपवून घेतले नाही. तेव्हा जे झाले ते एकदा नीट लिहून ठेवतो. ज्यांना पटणार नाही त्यांनी आपले वेगळे लिहावे.

अण्णा माझ्याहून वडील. मी शिकून नांदेडच्या वकिलीत स्थिरावलो. ते देवणीजवळच्या आमच्या गावी शेती सांभाळत राहिले. नांगरट आणि पेरणी आता ट्रॅक्टरने होते, तरी त्यांच्या दावणीला देवणी जातीची एक जोडी असतेच. अंगाने पांढरा आणि तोंडाने काळा अशा बैलाला आमच्याकडे वानेरा म्हणतात, आणि अण्णांचा सारा जीव वानेऱ्यावर. या जोडीला आता काही काम उरलेले नाही, हे पुतण्या त्यांना दर खेपेस ऐकवतो. अण्णांचे उत्तर ठरलेले असते : "काम तर माझंबी उरलं न्हाई. मला कुठल्या बाजारात नेतूस?"

दातांचे दुखणे त्यांना नवे नव्हते. पूर्वी लातुरात त्यांच्या डाव्या बाजूच्या खालच्या दाढा काढल्या होत्या. काढणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. "उपटा आन मोकळं करा," असे अण्णांनीच त्यांना सांगितले होते, आणि त्यांनी उपटून मोकळे केले. पुढे तेथे कवळी बसवली. ती आधी नीट बसे, मग हलू लागली, मग बोलता बोलता जिभेवर येऊ लागली. अखेर अण्णांनी ती स्टीलच्या डबीत ठेवून दिली. कुणाकडे लग्नाला जायचे असले की ती डबीतून बाहेर निघे, आणि जेवायची वेळ झाली की पुन्हा डबीत जाई. ज्वारीची कडक भाकरी हे अण्णांचे दोन्ही वेळचे अन्न. दुधात कुस्करलेल्या भाकरीला ते आजाऱ्याचे जेवण म्हणतात. ती सगळी भाकरी उजव्या बाजूच्या एका मोठ्या दाढेवर चालली होती. श्रावणात ती दाढ उभी चिरली.

उदगीरहून एस.टी.ने ते आमच्याकडे आले तेव्हा गाल सुजून डोळ्यापर्यंत गेला होता. पुतण्या लातुरात नोकरीला असतो. तो गाडी घेऊन नांदेडला आला. आम्ही तिघे ज्या डॉक्टरबाईंकडे गेलो त्या वयाने माझ्या नातीएवढ्या. त्यांच्याशी मी भांडलो, असे सांगितले जाते. ते सपशेल खोटे आहे. इतक्या शांतपणे आणि इतके सरळ बोलणारा माणूस मला साक्षीच्या पिंजऱ्यात क्वचितच भेटला.

त्यांनी अण्णांच्या जबड्याचा एक्स-रे पडद्यावर लावला. डावीकडे, जेथून दाढा काढल्या होत्या, तेथे हाड बशीसारखे खाली खचलेले दिसत होते. "बाबा, दात असतो तोवर त्याच्या आजूबाजूचं हाड टिकतं," त्या म्हणाल्या. "दात काढून खड्डा तसाच ठेवला की कडा आत ढासळतात. म्हणूनच तुमची कवळी बसत नाही. तिला धरायला खाली काही उरलंच नाही."

अण्णा पडद्याजवळ सरकले. "कच्च्या हिरीचं असंच व्हतंय," ते म्हणाले. "आतून बांधून काढली न्हाई की दरडी सुटतेत."

"अगदी तसंच. उजवीकडची दाढ वाचणार नाही, तिला मुळापर्यंत चीर गेली आहे. पण ती काढतानाच खड्ड्यात हाड टिकवणारी पूड भरू, वर पातळ पडदा ठेवून टाके घालू. त्या पुडीच्या आधारानं तुमचं स्वतःचं हाड भरून येईल. काही महिन्यांनी त्यात स्क्रू बसवून पक्का दात देता येईल. ही बाजू गेली, तर तुम्हाला चावायला जागाच राहणार नाही."

हे सारे अण्णांना पटले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खुर्चीवर जाऊन बसले, मान टेकली. मी आणि पुतण्या भिंतीकडेच्या स्टुलांवर होतो. मदतनीस मुलीने ताटलीत चिमटे मांडले आणि त्यांच्या शेजारी एक लहानशी काचेची कुपी ठेवली. कुपीत जाड्या रव्यासारखे पांढरे कण होते. अण्णांनी मान वळवून कुपीकडे पाहिले आणि विचारले, "ह्ये कशाचं हाय, बाई?"

आता येथे वादाचा मूळ मुद्दा आहे. हा प्रश्न मी विचारला, असे तिघेही सांगतात. प्रश्न अण्णांचा होता. डॉक्टरबाई हात धूत होत्या, नळ वाहत होता, त्यांना तो ऐकू गेला नाही. पुतण्याला ऐकू गेला. तो चटकन म्हणाला, "औषध हाय, अण्णा. तुमी डोळे मिटून पडा."

मी त्याच्याकडे पाहिले. त्याला घाई झाली की त्याचा आवाज किंचित वर चढतो. लहानपणी आंबे चोरून आला की असाच चढायचा. मी म्हणालो, "त्यांनी विचारलंय. नीट उत्तर मिळू दे."

"काका, हितं कोर्ट न्हाई."

"कोर्ट असतं तर तुला आधी शपथ घालावी लागली असती."

नळ बंद झाला. डॉक्टरबाई वळल्या आणि पुतण्याला म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं नाही त्यांना? काल मी तुम्हाला केबिनमध्ये सगळं समजावलं होतं. तुम्ही म्हणालात, मी वडिलांना सांगतो."

डॉक्टरबाईंनी स्टूल ओढले, अण्णांच्या समोर बसल्या आणि सांगितले. ही पूड गुराढोरांच्या हाडापासून केलेली असते. प्रचंड उष्णता देऊन तिच्यातले सारे सजीव अंश काढून टाकतात. मागे राहतो तो केवळ खनिजाचा सांगाडा. ती परदेशातून येते, वर्षानुवर्षे वापरात आहे आणि हाड टिकवायला चांगली. एक शब्दही त्यांनी गिळला नाही.

"गुरं म्हंजी?" अण्णांनी विचारले.

"गाय, बैल."

अण्णांनी रुमाल सोडला, घडी घातली, खुर्चीच्या हातावर ठेवली आणि खाली उतरून बाहेर गेले. 'पळाले' म्हणतात ते एवढेच.

बाहेर जिन्याच्या वळणावर चपला काढायची फळी होती. अण्णा तिच्या कडेला बसले होते. मी शेजारी बसलो. सुजलेल्या गालाखाली त्यांनी तळवा धरला होता. खालून ऑटोवाल्यांची बोलणी वर येत होती.

"लई दुखायलंय का?"

"दुखू दे." मग ते म्हणाले, "वकील, आपला म्हातारा वानेरा गेला तवा तू आला नव्हतास."

मी नव्हतो आलो, ते खरे.

"दारात हाडा-कातड्याचा दलाल येऊन हुबा व्हता. म्या हाकलला. बांधाच्या वरच्या अंगाला खड्डा घेतला, मीठ घातलं, नवं कापड पांघरलं. त्येच्या हाडाला कुनाला हात लावू दिला न्हाई. आन आता कुनाच्या तरी बैलाचं हाड म्या जबड्यात भरून घ्यू?"

मी पायाशी पडलेल्या त्यांच्या चपला जोडीने लावून ठेवल्या.

"पोळा आलाय तोंडावर," अण्णा म्हणाले. "खांदमळणीला जोडीच्या खांद्याला लोणी लावून आवतन द्यावं लागतंय. उद्या जेवाया या म्हून सांगावं लागतंय. तोंड त्येच्या कानापाशी न्यावं लागतंय रे. कुठलं तोंड न्यू?"

माझे मेहुणे ही सारी गोष्ट सोवळेपणाची करून टाकतात. आमच्या घरात मांसाहार नाही, हे खरे. पण अण्णांच्या तोंडून सोवळ्याचा शब्दही निघाला नव्हता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांना जेवणाचे निमंत्रण देण्याची रीत आमच्या भागात अनेक घरांत आहे, आणि बहुतेक जण ती उरकतात. अण्णा ती उरकत नाहीत. ते एखाद्या वडीलधाऱ्या पाहुण्याला बोलवावे तसे बोलवतात, आणि ज्याला बोलवायचे त्याच्याशी लपवाछपवी चालत नाही, एवढे साधे त्यांचे म्हणणे होते. ज्याला हे हसण्यासारखे वाटते त्याने हसावे. पण अण्णांचे म्हणणे बदलून मग हसू नये.

पुतण्या बाहेर आला. तो चिडलेला होता, पण त्याच्या डोळ्यांत पाणीही होते, आणि ही गोष्ट तो स्वतः कधी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

"काका, कशाला काढलं तुमी हे? सांगितलंच नसतं तर त्यांना कळलं असतं का? आता दाढबी तशीच, हाडबी जाणार. उद्या त्यांनी खायचं काय? पेज?"

"कळलं असतं," मी म्हणालो. "आज ना उद्या तूच एखाद्या पंगतीत हसत हसत सांगितलं असतंस. मग त्यांनी काय केलं असतं? घास थुंकता येतो. जबड्यात मुरलेलं हाड थुंकता येत नाही."

"माझ्या बापाचं भलं मला कळत न्हाई का?"

"कळतं. त्यांच्यापेक्षा जास्त कळत नाही."

"बास," अण्णा म्हणाले. "माझ्या तोंडाचं भांडन माझ्या डोक्यावर नका करू." ते फळीला धरून उठले आणि आम्हाला मागे ठेवून आत गेले.

आत त्यांनी डॉक्टरबाईंना जे प्रश्न विचारले तसे मी त्यांना बैलबाजारात दात मोजताना विचारलेले ऐकले आहेत. दुसरी पूड असते का? असते, कारखान्यात बनवलेली, कुठल्याही जनावरापासून नसलेली. मग ती का नाही घालत? "तुमच्या दाढेच्या बाहेरच्या अंगाची हाडाची भिंत सडून फुटली आहे, बाबा. कारखान्यातली पूड लवकर विरघळते. गुरांची पूड जास्त काळ तशीच राहते, आधार धरून ठेवते. फुटलेल्या भिंतीला मला तिचा भरवसा जास्त वाटतो."

"दुसरीनं काम व्हईल का न्हाई, तेवढं खरं सांगा."

"बहुतेक होईल. खात्री पहिलीइतकी देणार नाही."

"मग दुसरी घाला. कमी पडलं तर माझं पडंल, तुमच्याकडं म्या बोट दाखवनार न्हाई."

आता पत्नीच्या तक्रारीकडे वळतो, कारण तिच्या तक्रारीत तथ्य आहे. दुसरी पूड त्या दिवशी डॉक्टरबाईंकडे नव्हती, आणि नांदेडात चौकशी केली तर लगेच मिळण्यासारखी नव्हती. दाढ आधी काढून खड्डा उघडा ठेवण्यापेक्षा थांबावे, असे त्यांनी सुचवले. गोळ्या दिल्या आणि आम्हाला परत पाठवले. गोळ्यांनी सूज थोडी उतरली, ठणका उतरला नाही. अण्णा आमच्या बैठकीत भिंतीला पाठ टेकून बसून राहिले. पत्नीने गार केलेली खिमट कपात भरून दिली. ती त्यांनी डावीकडून, जेथे काहीच नव्हते तेथून, घोट घोट घेतली. स्वयंपाकघरात ती मला म्हणाली, "तुमच्या खरेपणापायी भाऊजी ठणके सोसायलेत. तुमच्या दाढेला होत असतं म्हणजे कळलं असतं."

मी तिला म्हणालो की हा खरेपणा माझा नव्हे, त्यांनी मागितलेला आहे. ती म्हणाली, "माणूस काहीही मागतो. दुखतं तेव्हा द्यायचं नसतं." हे तिचे वाक्य मी अनेकदा मनात उलटसुलट करून पाहिले आहे. मला ते आजही मान्य नाही. पण ते मायेचे वाक्य आहे.

पुतण्याविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. त्याच संध्याकाळी तो लातूरला परत गेला तेव्हा तो रागावून निघून गेला, असे सगळ्यांना वाटले. त्याने तेथल्या ओळखीच्या दंतवैद्यांना फोन लावले, डॉक्टरबाईंनी सांगितलेली नेमकी ती पूड एकाकडे मिळवली आणि दुसऱ्या दिवशी जेवणवेळेच्या आत नांदेडला हजर झाला. ज्या गोष्टीला त्याचा विरोध होता ती गोष्ट आणायला तो स्वतः गेला. आपण सांगतो त्या गोष्टीतून तो हा भाग का गाळतो, हे मला उमगलेले नाही.

दाढ निघाली तेव्हा ती दोन फाकांत निघाली. डॉक्टरबाईंनी पूड अण्णांच्याच रक्तात कालवून खड्ड्यात दाबून भरली, वर पडदा ठेवला, टाके घातले आणि नियम सांगितले. मिश्री बंद, हा पहिला नियम. कडक काही चावायचे नाही, हा दुसरा. तिसरा ऐकून मला खरी काळजी वाटली : खळखळून चूळ भरायची नाही आणि जोराने थुंकायचे नाही, नाहीतर पूड वाहून जाईल. आमच्या अण्णांची जेवणानंतरची चूळ शेजारच्या घरी ऐकू जाते. ओसरीच्या कडेला उभे राहून ते ती अंगणात इतक्या दूर टाकतात की कोंबड्या आधीच बाजूला होतात.

"मग पानी तोंडात घ्यून करायचं काय?" त्यांनी विचारले.

"मान तिरकी करा आणि आपोआप सांडू द्या."

"लेकरावानी?"

"लेकरासारखंच, बाबा."

पुढचे दिवस ते आमच्या मोरीत वाकून, तोंड उघडे ठेवून, पाणी सांडू देत उभे राहात. एकदा दोन-तीन पांढरे कण पाण्याबरोबर आले. त्यांनी ते बोटावर घेऊन मला दाखवले, चेहरा पार उतरलेला. मी डॉक्टरबाईंना फोन केला. थोडे कण येतातच, घाबरू नका, असे त्या म्हणाल्या. अण्णांनी बोट धुतले आणि म्हणाले, "कमी झालं का रे?" मी म्हणालो, पुष्कळ आहे अजून. हे मी कशाच्या आधारे म्हणालो, असे कुणी विचारले तर माझ्याकडे पुरावा नाही.

टाके काढून ते पोळ्याआधी गावी गेले. त्या खांदमळणीच्या संध्याकाळी मी तेथे नव्हतो, आणि जे मी पाहिले नाही त्याविषयी मी बोलणार नाही.

थंडीच्या अखेरीस ते पुन्हा नांदेडला आले. पुतण्याही आला. डॉक्टरबाईंनी नवा एक्स-रे पडद्यावर लावला. खड्डा भरला होता. जेथे काळी पोकळी होती तेथे राखाडी, दाट सावली दिसत होती. पण बाहेरच्या अंगाला, जेथे भिंत फुटली होती, तेथे काठ थोडा खाली उतरलेला होता. त्यांनी तो बोटाने दाखवला, लपवला नाही.

"इथं मला अजून थोडं हवं होतं," त्या म्हणाल्या. "तरी स्क्रू धरायला पुरेल. थोडा आखूड घ्यावा लागेल, आणि तुम्हाला तो जपावा लागेल."

"ती पहिली पूड घातली असती तर?" पुतण्याने विचारले.

"कदाचित काठ वर राहिला असता. कदाचित एवढाच राहिला असता. मी ठामपणे सांगू शकत नाही."

पुतण्याने माझ्याकडे पाहिले. मी बोलणार होतो. माझ्याजवळ उत्तर तयार होते, मुद्देसूद होते. पण अण्णांनी मला वेळ दिला नाही.

"त्येच्याकडं कशाला बघायलास?" ते मुलाला म्हणाले. "कमी हाय ते माझ्या तोंडात हाय. म्या सांगून घेतलंय."

नंतर जिना उतरताना मी अण्णांना विचारले, "त्या दिवशी, ते कशाचं आहे, हे तुम्हीच विचारलं होतं ना? हे सगळे माझं नाव घेतात."

"कुनी इचारलं ते ध्यानात न्हाई," अण्णा म्हणाले. "सांगितलं बाईनं, तेवढं ध्यानात हाय." आणि कठड्याला धरून पुढची पायरी उतरले.

स्क्रू बसला, आणि त्यावर दात बसायला उन्हाळा उजाडला. दात बसवून डॉक्टरबाईंनी चावायची परवानगी दिली, त्या दुपारी पुतण्यासह आम्ही सगळे आमच्या घरी जेवायला बसलो. पत्नीने अण्णांना मऊ, दुधातली भाकरी वाढली. त्यांनी ती वाटी हाताने बाजूला सारली आणि टोपलीतली शिळी, कडक भाकरी मागितली.

"भाऊजी, आजच्या दिवस तरी," ती म्हणाली.

"आजच बघायचंय."

त्यांनी भाकरीची करपलेली कड मोडली, ठेच्याला लावली आणि उजवीकडे ठेवून दाताखाली धरली. आम्ही तिघेही जेवायचे थांबलो होतो. ते सावकाश चावत राहिले, मध्येच थांबले, जिभेने चाचपले, पुन्हा चावू लागले. घास गिळला. मग ताटात पाहत त्यांनी दुसऱ्या तुकड्यासाठी हात पुढे केला आणि पुतण्याला म्हणाले, "जेव की. माझ्या तोंडाकडं काय बघायलास?"